प्राणी की रिकामा

शाळेत नवी वस्तू आली की मी आधी तिच्याबरोबर आलेला बॅनर बघतो. वस्तू लहान आणि बॅनर मोठा असेल, तर पुढच्या उन्हाळ्यापर्यंत वस्तू कपाटात जाते आणि बॅनर कोणाच्या तरी गोठ्यावर. त्या वर्षी आलेली वस्तू दप्तरात मावेल एवढी होती. बॅनर व्हरांड्याच्या दोन खांबांना बांधूनही मधे लोंबत होता. त्यावर लिहिलं होतं, 'आपला परिसर, आपली प्रयोगशाळा', आणि खाली हिरव्यागार जंगलातल्या हरणांचं चित्र होतं. आमच्या परिसरात हरणं नव्हती. कापूस होता, तूर होती, एक नाला होता आणि नाल्यात रानडुकरं होती.

गाव घाटंजी तालुक्यातलं. गावाला लागून बंजाऱ्यांचा तांडा आणि दोघांच्या मधे आठवीपर्यंतची आमची शाळा. मी तिथे विज्ञान शिकवायचो. ती कापसाची वाईट वर्षं होती. ज्या बियाण्याला अळी लागणार नाही असं पाकिटावर छापून यायचं, त्याच्याच बोंडात गुलाबी अळी निघायला लागली होती, आणि जो कापूस हाती यायचा त्याला भाव नव्हता. माणसं छापील गोष्टीवर विश्वास ठेवेनाशी झाली होती. मला ती सवय आधीपासूनच असल्यामुळे गावात माझं बरं जमायचं.

वस्तू म्हणजे एक कॅमेरा होता. तो झाडाला बांधून ठेवायचा. समोरून गरम अंगाचं काही हललं की तो आपोआप फोटो काढायचा, दिवसा रंगीत, अंधारात काळापांढरा. महिन्याभराने त्यातलं कार्ड काढून शाळेच्या टॅबलेटला लावायचं, मुलांनी एकेक फोटो बघून प्राणी ओळखायचा, कोणता कधी येतो, कुठून कुठे जातो याचा विचार करायचा आणि असा आपला परिसर शिकायचा. हे सगळं पुण्याच्या एका संस्थेने दिलं होतं. संस्थेच्या तरुण ताई ते समजावून सांगायला आल्या होत्या. कल्पना चांगली होती, हे मला तेव्हाच कबूल करावं लागलं. ताईंचा उत्साहही खरा होता. तो खोटा निघेल अशी माझी थोडी आशा होती.

उद्घाटनाला पाहुणे आले. त्यांनी दिवा लावला, नारळ फोडला आणि कॅमेऱ्याला हार घातला. कॅमेरा चालूच होता, त्यामुळे आमच्या परिसर अभ्यासाचा पहिला फोटो झेंडूचा निघाला.

चोरीची भीती होती म्हणून मी घाटंजीच्या बाजारात एका वेल्डिंगवाल्या चाचांकडून कॅमेऱ्यासाठी लोखंडी पिंजरा करून घेतला. त्यांनी तो उलटसुलट करून माझ्या हातात दिला.

"मास्टरसाब, जेल तो बढ़िया बना दी. अब कैदी कौन है?"

"रानडुक्कर," मी म्हणालो. "त्याचा फोटो काढायचा आहे."

"सुअर तो खेत में मुफ्त दिखता है. फोटो का क्या अचार डालोगे?"

मी पैसे देऊन निघालो. त्यांचा प्रश्न मुख्याध्यापकांनी विचारला असता तर मी त्याला उत्तर दिलं असतं.

कॅमेरा कुठे लावायचा हे मुलांनीच ठरवायचं होतं. ताई त्यांना घेऊन नाल्यावर गेल्या, मागे मी. मुलांनी डुकरांच्या पायांचे ठसे दाखवले, उकरलेली माती दाखवली, तुरीच्या बांधावरची पडलेली झाडं दाखवली. मग ताईंनी मोबाइलवर दिशा बघितली आणि इथे सकाळचं ऊन भिंगात जाईल म्हणाल्या. त्यांनी थोडं वरच्या अंगाचं एक बाभळीचं झाड निवडलं. समोरून एक मळलेली पायवाट जात होती. "बघा, किती वापरातली वाट आहे," ताई मुलांना म्हणाल्या. "प्राणीसुद्धा सोपी वाट शोधतात."

मुली एकमेकींकडे बघायला लागल्या. मुलगेही बोलायचे थांबले.

"काय झालं?" मी विचारलं.

"काई नाही सर."

मी घाटंजीहून मोटरसायकलने येणारा माणूस. गावातल्या कोणत्याही पुरुषाला ही वाट कोणाची ते माहीत होतं, आणि माहीत असल्यामुळे तो तिकडे फिरकत नव्हता. मुलांनाही माहीत होतं. पण पुण्याहून आलेल्या ताईंसमोर ते बोलायचं कसं? कॅमेरा बाभळीला बांधला गेला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

ती बायकांची पहाटेची वाट होती.

त्या वर्षी तालुका हागणदारीमुक्त करायचं चाललं होतं. पहाटे पंचायत समितीचं पथक यायचं. नाव गुड मॉर्निंग पथक. ते शिट्ट्या वाजवायचे, डबा घेऊन निघालेल्या माणसाला फूल द्यायचे आणि फुलासकट फोटो काढायचे. तेव्हा नाल्यावर बाभळीला कॅमेरा बांधला आहे म्हटल्यावर तो कोणाचा, हे गावाने संध्याकाळच्या आत ठरवून टाकलं. दुसऱ्या दिवशी पानठेल्यावर मला थांबवलं गेलं.

"सर, खरं सांगा. थो डब्बा पंचायत समितीचा हाये ना?"

"नाही हो. शाळेचा आहे."

"शाळेले कायले पायजे पहाटचे फोटो?"

"रानडुकरांचे पाहिजेत."

"म्हंजे आता डुकराईले बी संडास देऊन राह्यले का?"

सगळे हसले. पण हसून झाल्यावर कोणी मला पान खा म्हटलं नाही. त्या ठेल्यावर तो निकालच समजायचा.

प्रकरण ग्रामसभेत गेलं. सरपंच तांड्यातल्या बाई होत्या, माझ्या आईच्या वयाच्या, दंडापर्यंत पांढऱ्या बांगड्या भरणाऱ्या. सरपंचपद बायकांसाठी राखीव निघालं तेव्हा उपसरपंचांनीच त्यांना उभं केलं होतं, सही करायला एक माणूस हवा म्हणून. निवडून आल्यावर बाईंनी सह्या वाचून करायला सुरुवात केली. तेव्हापासून उपसरपंच त्यांना फार मान देऊन बोलायचे.

ग्रामसभेत बाई उभ्या राहिल्या. "डब्बा शाळेचा हाये. पोरं शिकून राह्यले. डुकराचे फोटो निंगाले तं फॉरेस्टवाल्याईच्या तोंडावर मारू, थे म्हन्तेत डुकरंच नाही इथं. कोनी हात लावायचा नाही."

विषय संपला. बाहेर पडताना त्यांनी मला बाजूला घेतलं.

"सर, डुकराचा दाखवा. मानसाचा फोटो आला तं?"

"तो कोणाला दाखवणार नाही."

"शब्द?"

"शब्द."

शब्द मी सहज देऊन टाकला. त्याची किंमत मला पुढच्या आठवड्यात कळली. कसल्याशा दाखल्यावर सही घ्यायला मी तांड्यात त्यांच्या घरी गेलो होतो. घराच्या मागे सिमेंटची नवी कोरी खोली होती, पत्र्याच्या दाराची, दारावर संडासाच्या अनुदानाचा क्रमांक रंगवलेला. दार नीट लागत नव्हतं. फटीतून कापूस बाहेर आला होता. आत स्लॅबपर्यंत कापूस ठासलेला होता.

मी बघतोय हे त्यांनी बघितलं.

"घरात ठेवला तं रातभर अंगाले खाज सुटते. लेकरं रडतेत. हे एकच खोली कोरडी हाये, उंदीर शिरत नाही. भाव आला का खाली करीन."

हे एकट्या त्यांचंच नव्हतं. गावात त्या हिवाळ्यात घरोघरी सगळ्यात पक्की खोली सरकारी अनुदानाचीच होती आणि निम्म्या घरांत तीत कापूस होता. योजना आखणाऱ्यांनी खोली फार चांगली बांधून दिली, एवढीच त्यांची चूक. पण बाकीच्यांची गोष्ट वेगळी होती. पंचायतीच्या सदस्याने संडास वापरलाच पाहिजे, नाहीतर पद जातं, असा नियम होता. बाई रोज पहाटे नाल्याच्या वाटेने जात होत्या. त्या वाटेवर कॅमेरा होता. तो तिथे टिकला होता त्यांच्या बोलण्यामुळे, आणि त्या बोलल्या होत्या माझ्या भरवशावर. बाईंचं पद गेलं असतं तर कारभार उपसरपंचांकडे आला असता.

उपसरपंच स्वतःच शाळेत आले. पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं. त्यांच्या घरी कोणी गेलं की चहाच्या आधी संडास दाखवायचे. टाइल्स, ट्यूबलाइट, भिंतीवर स्वच्छतेचा सुविचार. वर पाण्याची टाकी तेवढी बसायची होती. त्यांची मुलगी माझ्याच वर्गात, आठवीत होती. ती सगळ्यात हुशार होती, म्हणून माझा तिच्यावर थोडा संशय असायचा.

"सर, मोठं काम करून राह्यले तुमी. आमची पोरगी घरी आली का नुसतं डुकराचंच सांगते."

"मुलं मेहनत घेतात."

"तेच म्हन्तो. तालुक्याच्या प्रदर्शनात मांडून राह्यले ना? सगळे फोटो ठेवजा बरं. एक बी सुटू नये. लेकराईची मेहनत हाये. साहेबाले मी सोता घेऊन येतो."

"सगळे म्हणजे प्राण्यांचे."

"मंग? दुसरं काय असन त्याच्यात?" असं म्हणून ते हसले. मीही हसलो. दोघांनी एकमेकांकडे जरा जास्तच वेळ बघितलं.

महिना झाल्यावर मी कार्ड काढून आणलं. मुलांच्या आधी आपण एकदा बघून घ्यावं म्हणून मधल्या सुट्टीत दार लोटून टॅबलेटला लावलं. त्याने सगळे फोटो एका दमात आत ओढून घेतले. डुकरं, डुकरांची पिल्लं, एक रोही म्हणजे नीलगाय, कुत्री, परत डुकरं. आणि मधेमधे माणसं. बहुतेक बायका. अंधुक, पाठमोऱ्या, डोक्यावरून शाल घेतलेल्या. त्या कोणाच्या कोण हे मला ओळखता आलं नसतं. एक मात्र ओळखता आली. ती सरळ भिंगात बघत होती. हातात प्लास्टिकचा डबा, आणि दंडापर्यंत भरलेल्या पांढऱ्या बांगड्या काळोखात तेवढ्या लख्ख उजळलेल्या. फोटोखाली तारीख आणि पहाटेची वेळ.

मी आधी उपसरपंचांना शोधलं. वाघ शोधावा तसं सगळं कार्ड शोधलं. ते कुठेही नव्हते. हा माणूस खरोखरच स्वतःचा संडास वापरत होता, याचं मला फार वाईट वाटलं.

मग फोटो काढून टाकायचं बटण शोधलं. ते नव्हतं. मी ताईंना फोन लावला.

"सर, डिलीट शिक्षकांना करता येत नाही. शिक्षक मुलांच्या कामात ढवळाढवळ करतात, असा अनुभव आहे आमचा."

संस्थेचाही आमच्यावर विश्वास नव्हता, हे ऐकून मला त्यांच्याबद्दल प्रथमच आदर वाटला.

"मग मुलं काय करतात?"

"दोन बटणं आहेत. 'प्राणी' आणि 'रिकामा'. वाऱ्याने फांदी हलली तरी कधी कधी फोटो निघतो, तो रिकामा. रिकामे आपोआप निघून जातात. प्राणी दाबलं की यादी येते. यादीत नसेल तर 'इतर'. ते फोटो आमच्याकडे येतात आणि प्रदर्शनातही दिसतात."

"आणि माणूस आला तर?"

"जंगलात माणूस कशाला येईल, सर?"

"ताई, हे गाव आहे."

"मग 'इतर' करा. आम्ही बघू."

हा 'आम्ही' कोण, हे मी विचारलं नाही. त्यांनाही ते माहीत असेल असं वाटलं नाही. कार्ड हरवून टाकणं हा एक मार्ग होता. पण फोटो आता टॅबलेटात होते, आणि हरवलेल्या कार्डात काय काय होतं हे गावाने माझ्याहून बारकाईने सांगितलं असतं.

दुसऱ्या दिवशी मुलं बसली. टॅबलेट हातोहात फिरत होता आणि प्रत्येकाला त्याच्या नावाने फोटो वाटत होता, पत्ते वाटावेत तसे. कोणाला कोणता मिळेल हे माझ्या हातात नव्हतं. सुरुवातीला गडबड होती. "डुक्कर!" "माहा बी डुक्कर!" "याच्या वाट्याले याचंच कुत्रं आलं सर!" मग पहिला माणसाचा फोटो आला. ज्याच्या वाट्याला आला त्या मुलाने टॅबलेट छातीशी धरला.

"सर, माणूस प्राणी हाये ना?"

"आहे," मी म्हणालो. धडा मीच शिकवला होता, सस्तन वगैरे सगळं फळ्यावर काढून.

"मंग प्राणी दाबू? यादीत माणूस नाही हाये."

"'इतर' हाये ना," दुसरा म्हणाला.

"तुही आजी 'इतर' हाये का बे?"

"रिकामा दाब."

"रिकामा कसा? माणूस तं दिसून राह्यला. खोटं होते ना मंग."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. रिकामा दाबा म्हटलं असतं तर संध्याकाळी घराघरात 'सरांनी फोटो दाबले' हेच सांगितलं गेलं असतं, आणि पहिल्यांदा ते उपसरपंचांच्या घरात गेलं असतं. प्राणी दाबा म्हटलं असतं तर मी बरोबर शिकवलं असतं आणि शब्द मोडला असता. मी म्हणालो, "ज्याच्या वाट्याला फोटो आला, त्याने विचार करून ठरवायचं."

तेव्हा उपसरपंचांची मुलगी म्हणाली, "आपन काय शोधून राह्यलो? जनावर. जनावर नाही तं आपल्यासाठी थो रिकामाच. विहिरीत पाणी पाह्यतो तवा दगड मोजतो का आपन?"

तिचं म्हणणं शास्त्राला धरून होतं की नाही, याबद्दल मी आजही साशंक आहे. वर्गाला मात्र ते पटलं. मुलं 'रिकामा' दाबत सुटली. प्रत्येक वेळी फोटो जरासा थरथरायचा आणि निघून जायचा. मी बाकांच्या मधून फिरत होतो. तिच्या मागे पोहोचलो तेव्हा तिच्या समोर पांढऱ्या बांगड्या होत्या.

तिचं बोट वर उचललेलं होतं आणि खाली येत नव्हतं. इतका वेळ तिने कोणत्याच डुकराला दिला नव्हता. बोटांनी फोटो मोठा करून तिने तो इकडून तिकडे सरकवून बघितला. मला वाटलं, घरून सांगून पाठवलेलं दिसतं. वाटलं, आता ही 'प्राणी' दाबणार, 'इतर' दाबणार, आणि वर मला विचारणार की बरोबर आहे ना सर. बरोबरच असणार होतं ते.

तिने 'रिकामा' दाबलं आणि पुढच्या डुकराकडे वळली.

प्रदर्शन घाटंजीला भरलं. आमच्या टेबलावर टॅबलेट, नाल्याचा नकाशा आणि पिंजऱ्यासकट कॅमेरा. उपसरपंच बोलल्याप्रमाणे पंचायत समितीच्या साहेबांना घेऊन आले आणि टॅबलेट स्वतःच्या हातात घेऊन दाखवू लागले. पहिल्यांदा सावकाश, मग भराभर. डुक्कर, डुक्कर, रोही, मुंगूस, कुत्रं, डुक्कर. शेवटपर्यंत जाऊन ते परत पहिल्याकडे आले.

"सगळे इतकेच हायेत का, सर?"

"प्राण्यांचे सगळे आहेत."

"साहेब," ते मागे वळून म्हणाले, "हा कॅमेरा बायकायच्या वाटेवर लावला व्हता बरं. रोजच्या."

साहेबांना पहिल्यांदाच त्या टेबलात रस वाटला. "म्हणजे ज्या वाटेने बाहेर जातात, त्या?"

"हो ना साहेब."

"आणि महिनाभर रात्रंदिवस चालू होता?" हे त्यांनी मला विचारलं. मी हो म्हणालो. साहेबांनी टॅबलेट घेतला, पुन्हा सगळी डुकरं बघितली आणि त्यांचा चेहरा उजळला. "अहो, एकही माणूस नाही! याहून मोठा पुरावा कोणता? आम्ही पथकं पाठवून थकलो आणि इथे विद्यार्थ्यांनी शास्त्रीय पद्धतीने सिद्ध करून दाखवलं." त्यांनी बरोबरच्या माणसाला गावाचं नाव लिहून घ्यायला सांगितलं. डुकरांबद्दल मी बोलायला गेलो, तर ते म्हणाले, तो विषय फॉरेस्टचा.

उपसरपंचांचं तोंड उघडलं होतं. पण आपल्याच गावातली माणसं नाल्यावर जातात, हे गावाचं कौतुक चालू असताना साहेबांना सांगायचं कसं? बाभळीखाली मुलं ज्या अडचणीत सापडली होती, नेमकी तीच. साहेबांनी टाळ्या वाजवल्या तेव्हा त्यांनाही वाजवाव्या लागल्या.

गावाच्या वेशीवर हागणदारीमुक्त गावाची पाटी लागली. पाटी लावण्याच्या कार्यक्रमात सरपंचबाईंनी मला विचारलं, "म्हंजे महिनाभर मी तिकडं गेलीच नाही का, सर?"

"कॅमेऱ्याच्या हिशोबाने नाही."

त्या तोंडाला पदर लावून हसल्या. मग हसणं थांबवून माझ्याकडे संशयाने बघितलं. "मंग डुकरं तरी खरे हायेत ना?"

डुकरं खरी आहेत, असं मी त्यांना शपथेवर सांगितलं. त्यांचा विश्वास बसलेला दिसला नाही. मला ते रास्त वाटलं. मुलांना परिसर शिकवायला निघालो होतो. पुरावा कसा तयार होतो, हे ती जास्त चांगलं शिकली होती.

आनंद व्हायला हरकत नव्हती. बाईंचं पद राहिलं होतं, माझा शब्द राहिला होता. पण उपसरपंचांच्या मुलीने असं का केलं, हे मला सुटत नव्हतं. शेवटी एकदा वर्ग रिकामा असताना मी तिला विचारलं.

"तो बांगड्यांचा फोटो तू इतका वेळ का बघत होतीस?"

ती डस्टर झटकत होती. "तुमाले थ्या मावशीच दिसल्या का, सर? त्यायच्या मांगं अजून एक बाई व्हती. तोंडाले शाल गुंडाळलेली."

"मला नाही दिसली."

"आमच्या घरची शाल हाये थे."

"पण तुमच्याकडे तर..."

"बाबा वापरतेत. पाहुणे आले तं पाहुणे वापरतेत. आम्ही वापरलं तं पाणी कोन आनन इतकं? आईच आनन ना." आणि डस्टर जागेवर ठेवून ती निघून गेली.

मी डोळे मिटून तो फोटो आठवायचा प्रयत्न केला. बांगड्या आठवल्या, डबा आठवला, नजर आठवली. मागे काहीतरी होतं, पण ते झुडूपही असू शकत होतं. मी त्यात एकाच माणसाला शोधत होतो, आणि तो पुरुष होता. बायका दिसल्या तशा सरकवत गेलो होतो. कार्डही पुसून पुन्हा कॅमेऱ्यात गेलं होतं, त्यामुळे आता पडताळून बघायला फोटो राहिला नव्हता. मुलगी खरं बोलत होती की बापाला गप्प करायला हुशार मुलीने शोधून काढलेली शाल होती ती, हे मला कधीच कळलं नाही.

काही दिवसांनी उपसरपंच शाळेत आले. या वेळी ते बसले. मुलं मैदानावर होती.

"सर, पोरगी म्हणे, काई फोटो रिकामे म्हणून काढून टाकले."

"हो. तशी पद्धत आहे."

"काढले म्हंजे पुरे गेले?"

"या टॅबलेटमधून गेले."

"अन पुण्याले?"

मी विचार केला. खरोखरच मला माहीत नव्हतं. ताईंना विचारलं असतं तर त्यांनाही माहीत नसतं. "राहत असतील कुठेतरी," मी म्हणालो.

त्यांनी खिशातलं एक पेन काढलं, बघितलं आणि परत ठेवलं. "असे फोटो मोठे करता येतेत म्हणे. मांगचं बी दिसते?"

मुलीने घरी शालेचं सांगितलंय का, हे मला विचारायचं होतं; ते विचारायची गरज उरली नाही.

"दिसतं," मी म्हणालो. "उजेड पाडला तर बरंच दिसतं."

मैदानावर मुलांचा गलका चालू होता. उपसरपंच टॅबलेटच्या कपाटाकडे बघत होते. कपाटाला कुलूप होतं, किल्ली माझ्या टेबलावर होती, आणि ती दोघांनाही दिसत होती. त्यांनी हात पुढे केला नाही, मीही किल्ली उचलली नाही. मग ते उठले आणि शर्ट खाली ओढून नीट केला.

"सरपंचबाई तसं चांगलंच काम करून राह्यल्या, सर," ते म्हणाले. "उगा कायले कोनी मधात यावं?"